वाचकांचे प्रश्न : काकाडू, लिचफील्ड आणि निटमिलुकची सफर

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहराभोवतीच्या प्रदेशाला तिथले लोक ‘टॉप एंड’ म्हणतात. काकाडू, लिचफील्ड आणि निटमिलुक ही तीन राष्ट्रीय उद्याने फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीतून, वाटाड्यासह, तीन ते पाच दिवसांत दाखवणाऱ्या सफरी डार्विनहून निघतात. या सफरींबद्दल वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मुलांच्या शाळांमुळे आम्हाला एक तर मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुमारास जाता येईल. यांपैकी कोणता काळ चांगला? माहितीपत्रकात काकाडूतील जिम जिम धबधबा भरभरून कोसळताना दाखवला आहे. तो तसाच पाहायला मिळेल का?

उत्तर : तसा पाहायला मिळणे जवळपास अशक्य आहे, आणि त्याचे कारण समजले की तुमच्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर मिळेल. जिम जिमचे पाणी सुमारे २०० मीटर उंचीच्या वालुकाश्माच्या कड्यांमध्ये कोसळते. तिथे जाण्यासाठी मुख्य रस्ता सोडून सुमारे ६० किलोमीटर आत जावे लागते. हा रस्ता कच्चा आहे आणि त्याचे शेवटचे १० किलोमीटर केवळ फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीनेच पार करता येतात. पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, धबधबा पूर्ण भरात असतो, पण तेव्हा हा रस्ताच पाण्याखाली असतो. तेव्हाचा जिम जिम दिसतो तो काकाडूतील जबिरू किंवा कुइंडा या वस्त्यांमधून उडणाऱ्या छोट्या विमानातून, आणि माहितीपत्रकांतील बहुतेक छायाचित्रे अशीच आकाशातून टिपलेली असतात. पाणी ओसरून वाट मोकळी होते ती बहुधा मे अखेरीस किंवा जूनमध्ये. त्यानंतर धार दर आठवड्याला बारीक होत जाते आणि कोरड्या हंगामाच्या शेवटी ती अनेकदा पार आटते. धबधबा आणि रस्ता या दोघांची भेट अशी वर्षातून थोडेच दिवस होते.

काकाडूच्या भूमीचे मूळ रहिवासी, उद्यानाच्या उत्तर भागातील बिनिंज आणि दक्षिण भागातील मुंगुय, वर्षाचे दोन नव्हे तर सहा ऋतू मानतात. सहा ऋतूंचे आपल्याला नवल वाटू नये. मे-जूनमधील येग्गे हा तुलनेने थंड ऋतू असतो. पाणथळ जागा कुमुदिनींनी भरलेल्या असतात आणि याच काळात वाळू लागलेले गवत मुद्दाम, थोडे थोडे करून जाळतात, म्हणजे पुढे मोठा वणवा लागत नाही. त्यामुळे मे महिन्यात रस्त्याकडेला धूर दिसला तर घाबरू नये. उलट ऑक्टोबरपासूनच्या गुनुमेलेंग ऋतूत ढग रोज दाटून येतात, पाऊस मात्र हुलकावण्या देतो, आणि उकाडा असा असतो की दुपारी चालणे नकोसे होते.

तेव्हा मुलांसह जायचे असल्यास मे महिना निवडावा, आणि जमल्यास सुट्टीचे शेवटचे दिवस. जिम जिम उघडला असेलच, असे मात्र गृहीत धरू नये. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे : केवळ पक्षी पाहायचे असतील तर ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला, कारण आटत जाणाऱ्या पाणथळींपैकी जिथे पाणी टिकते त्या यलो वॉटरसारख्या जागी हजारो पक्षी गोळा होतात.

प्रश्न : मी हिमालयात स्वतः जीप चालवली आहे आणि तिकडेही आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक असते. मग भाड्याची गाडी घेऊन स्वतःच का जाऊ नये? मार्गदर्शित सफरीचे पैसे वाया जातात, असे मला वाटते.

उत्तर : डांबरी रस्त्याने जायचे असेल तर आपण जरूर स्वतः जावे. डार्विन ते जबिरू हे सुमारे २५० किलोमीटर अंतर साध्या मोटारीनेही कापता येते. उबिर आणि बुरुंगकुय येथील शैलचित्रे, यलो वॉटर, लिचफील्डमधील प्रमुख धबधबे आणि निटमिलुकची दरी ही सर्व ठिकाणे एरवी डांबरी रस्त्यावरच आहेत. प्रश्न येतो तो त्यापलीकडच्या वाटांचा. भाड्याच्या गाडीचा करारनामा बारकाईने वाचल्यास बहुधा असे आढळते की पाण्यातून गाडी नेल्यास, ठरावीक कच्च्या वाटांवर गेल्यास किंवा अंधार पडल्यावर शहराबाहेर चालवल्यास विमा लागू होत नाही. जिम जिमच्या पुढे असलेल्या ट्विन फॉल्स या धबधब्याच्या वाटेवर जिम जिम ओढा गाडीनेच ओलांडावा लागतो. तिथे पाणी किती आहे, तळ वाळूचा आहे की दगडांचा, इंजिनात हवा घेणारी नळी छतापर्यंत वर आणलेली आहे की नाही, या गोष्टी जाणणारा माणूस चाकामागे असावा लागतो. आणि ओढ्याची खोली पाण्यात उतरून चाचपण्याची आपली सवय तिथे जिवावर बेतू शकते, कारण त्या पाण्यात मगर असू शकते.

कच्च्या रस्त्यावर चाकांमुळे लाटांसारख्या आडव्या पट्ट्या तयार होतात, ज्यांवरून गाडी तासन् तास थरथरत जाते. अनुभवी चालक अशा वेळी टायरमधील हवा कमी करतो आणि पुन्हा डांबरी रस्ता लागल्यावर ती भरून घेतो. डार्विनहून दक्षिणेकडे जाणाऱ्या स्टुअर्ट हायवेवर ५० मीटरहून लांब ‘रोड ट्रेन’ म्हणजे तीन-चार ट्रेलर जोडलेले ट्रक धावतात, आणि त्यांना ओलांडताना लागणारे अंतर नवख्या माणसाला चटकन उमगत नाही. हिमालयातील अनुभव मोलाचा आहेच, पण तो घाटवळणांचा आहे.

सफरीचे पैसे खरे तर गाडीसाठी नसतात. आज कोणती वाट बंद आहे, कोणत्या कुंडात उतरायचे नाही, दुपारऐवजी पहाटे कुठे निघायचे, हे दररोज ठरवणाऱ्या माणसाच्या निर्णयबुद्धीसाठी ते असतात. म्हणून सफर निवडताना थांब्यांची संख्या मोजण्याऐवजी एखादा थांबा बंद निघाल्यास पर्याय कोणता देणार, हे आधी विचारावे. ज्या आयोजकाकडे याचे स्पष्ट उत्तर नाही, त्याचे माहितीपत्रक कितीही देखणे असले तरी बाजूला ठेवावे.

प्रश्न : धबधब्यांखाली पोहता येते, असे वाचले. मग मगरींचे काय? गाइड “पोहा” म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : प्रश्न अगदी योग्य आहे. टॉप एंडमध्ये मगरींच्या दोन जाती आहेत. गोड्या पाण्यातील मगर लहान, आपल्याकडच्या सुसरीची आठवण करून देणाऱ्या अरुंद तोंडाची असते आणि डिवचल्याशिवाय सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. दुसरी खाऱ्या पाण्यातील मगर, जिला तिथे ‘सॉल्टी’ म्हणतात. नावावर जाऊ नये : ही मगर नदीच्या मुखापासून शेकडो किलोमीटर आत, गोड्या पाण्यातही सहज राहते. कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे ती नष्ट होण्याच्या बेतात होती. टॉप एंड ज्या प्रांतात येतो त्या नॉर्दर्न टेरिटरीत १९७१ मध्ये तिला संरक्षण मिळाले आणि आज तिथे तिची संख्या लाखाच्या घरात असल्याचे मानले जाते. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या पोहण्याच्या आठवणी आज उपयोगाच्या नाहीत.

पावसाळ्यातील पुरामुळे नद्या, ओढे आणि कुंडे एकमेकांना जोडली जातात आणि मगरी कुठेही पोहोचतात. पाणी ओसरल्यावर उद्यानाचे कर्मचारी रात्री विजेऱ्यांच्या प्रकाशात पाहणी करतात, सापळे लावतात, आणि खात्री पटल्यावरच ते ठिकाण उघडतात. लिचफील्डमधील बुली रॉकहोल, फ्लॉरेन्स फॉल्स आणि वांगी फॉल्स येथे हंगामात लोक पोहतात. वांगीचे कुंड मात्र पाणी वाढले की बंद होते. काकाडूमध्ये उद्यान प्रशासन कुठेही पोहणे पूर्णपणे निर्धोक असल्याची हमी देत नाही, आणि ट्विन फॉल्सखाली पोहण्यास मनाईच आहे. तेव्हा गाइडवर विश्वास ठेवावा, पण पाण्याकाठची पाटी स्वतः वाचावी. दोघांत तफावत आढळल्यास पाटी खरी मानावी.

मुक्कामी तळावरही काळजी हवी. पाण्याच्या काठापासून किमान पाच मीटर दूर राहणे, काठावर भांडी न घासणे आणि रोज एकाच ठिकाणी पाण्याजवळ न जाणे ही तिथली रीत आहे, कारण मगर माणसाच्या सवयी पाहून ठेवते. मगर डोळे भरून पाहायची असेल तर यलो वॉटरवरील नौकाविहार आहेच. भरतीच्या वेळी ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवरील काहिल्स क्रॉसिंग या ठेंगण्या पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात मासे पकडण्यासाठी जमलेल्या मगरीही काठावरच्या चौथऱ्यावरून सुरक्षितपणे दिसतात. त्या क्रॉसिंगच्या पलीकडे आर्नहेम लँड हा मूळ रहिवाशांच्या मालकीचा प्रदेश सुरू होतो आणि तिथे जाण्यास परवाना लागतो.

प्रश्न : शैलचित्रे पाहण्यात मला सर्वांत जास्त रस आहे. सफरीत त्यांसाठी किती वेळ ठेवलेला असावा? छायाचित्रे काढता येतात का?

उत्तर : अनेक सफरींमध्ये उबिरला संध्याकाळी दीड-दोन तास दिलेले असतात, त्यांतील अर्धा वेळ माथ्यावरून नदब पूरमैदानावरील सूर्यास्त पाहण्यात जातो. सूर्यास्त सुंदरच असतो, पण चित्रांवर अन्याय होतो. काकाडूला जागतिक वारसा यादीत १९८१ मध्ये जे स्थान मिळाले ते निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर, आणि असे दुहेरी मानांकन जगात थोड्याच स्थळांना आहे. या परिसरातील मजेदबेबे या कातळ-निवाऱ्यात माणसाच्या वस्तीचा जो पुरावा सापडला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीचा आहे.

उबिरला तीन गोष्टी आवर्जून शोधाव्यात. पहिली म्हणजे बारामुंडी माशांची चित्रे, ज्यांत माशाच्या आतील हाडे आणि अवयवही रेखाटलेले आहेत. दुसरी, थायलासिन या पट्टेदार मांसभक्षक प्राण्याचे चित्र. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हा प्राणी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसा झाला, म्हणजे तो डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या हातचे हे काम असावे. तिसरी, खिशात हात घालून उभा असलेला गोरा माणूस, ज्याच्याकडे पाहून चित्रकाराला काय वाटले असेल याची कल्पना करत मी बराच वेळ उभा राहिलो होतो. शिवाय मान वर करून पाहिल्यास छतासारख्या उंच कातळावर काही तांबडी चित्रे दिसतात. मिमी नावाच्या अद्भुत जीवांनी तो कातळ खाली ओढून त्यावर चित्रे काढली आणि पुन्हा वर ठेवून दिला, असे बिनिंज सांगतात.

बुरुंगकुय येथे नामर्गोन म्हणजे विजेच्या पुरुषाचे चित्र आहे. त्याच्या अंगाभोवती विजेचा पट्टा आहे आणि गुडघ्यांना व कोपरांना दगडी कुऱ्हाडी आहेत, ज्यांनी तो ढग फोडून गडगडाट करतो. तेथील काही चित्रे १९६० च्या दशकात पुन्हा रंगवली गेली. ही गोष्ट ऐकून काही प्रवासी ‘मग ती अस्सल नाहीत’ असे म्हणतात, जे मला पटत नाही. चित्र काढणे आणि पुन्हा काढणे हाच त्या परंपरेचा जिवंतपणा आहे.

छायाचित्रे बहुतेक ठिकाणी काढता येतात. जिथे मनाईची पाटी असेल तिथे कॅमेरा खाली ठेवावा, चित्रांना स्पर्श करू नये, आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये. एखाद्या चित्राची कथा गाइडने अर्ध्यावर थांबवली तर आग्रह धरू नये, कारण काही कथा सर्वांना सांगण्यासाठी नसतात. सफरीत किमान एक भाग बिनिंज मार्गदर्शकासोबत असावा, असे मी सुचवीन. ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवरील गुलुयांबी नौकाविहार हा त्यासाठी चांगला पर्याय आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६८ आहे. ती रोज चालते, पण गुडघे दुखतात. तिला ही सफर झेपेल का?

उत्तर : निवडून केल्यास झेपेल. जिम जिमच्या कुंडाकडे जाणारी वाट जेमतेम एक किलोमीटरची आहे, पण ती मोठमोठ्या दगडांवरून उड्या घेत जाणारी असल्याने त्या दिवशी आईंनी तळावरच थांबणे बरे. फ्लॉरेन्स फॉल्सला शंभराहून अधिक पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात. याउलट वांगी, यलो वॉटर, उबिरमधील खालच्या पातळीवरील चित्रे आणि निटमिलुकच्या दरीतील नौकाविहार यांचा आनंद त्यांना नीट घेता येईल. निटमिलुकमध्ये एकामागून एक अशा तेरा घळी आहेत. १९८९ मध्ये ही भूमी तिथल्या मूळ रहिवासी जावोयन लोकांना कायदेशीररीत्या परत मिळाली आणि आता उद्यानाच्या व्यवस्थापनात त्यांचा वाटा आहे. या सफरींच्या गाड्या उंच असतात, म्हणून चढण्यासाठी पायरी किंवा स्टूल असते का, हे आरक्षणापूर्वी विचारावे.

प्रश्न : तंबूत झोपावे लागते का? शाकाहारी जेवण मिळते का? सोबत काय न्यावे?

उत्तर : काही सफरींत कायमस्वरूपी उभारलेले, खाटा असलेले तंबू असतात, तर काहींत ‘स्वॅग’ म्हणजे कॅनव्हासची गादीसह वळकटी उघड्यावर पसरून झोपतात. जून-जुलैमध्ये रात्री गारवा असतो, त्यामुळे एक स्वेटर हवा. शाकाहारी जेवणाबद्दल आरक्षण करतानाच लेखी कळवावे आणि अंडी चालतात की नाही हेही स्पष्ट लिहावे, कारण तिथे अंडे शाकाहारातच धरतात. घरून खाद्यपदार्थ नेल्यास ऑस्ट्रेलियात उतरताना ते सर्व जाहीर करावे लागतात. जाहीर न केल्यास मोठा दंड होतो.

डासांसाठी मलम, रुंद काठाची टोपी, बंद बूट आणि भरपूर पाणी मावेल अशा बाटल्या एवढे पुरेसे आहे. जबिरू आणि कुइंडा सोडल्यास मोबाइलला क्वचितच संपर्क मिळतो, म्हणून गाडीत उपग्रह-फोन आहे का, ते पाहावे. विमा घेताना दुर्गम भागातून हवाई मार्गाने रुग्णालयात नेण्याचा खर्च त्यात धरलेला असावा. काकाडूचा प्रवेश-पास वेगळा आणि नॉर्दर्न टेरिटरी सरकारच्या लिचफील्ड व निटमिलुक या उद्यानांचा वेगळा असतो, तेव्हा सफरीच्या किमतीत दोन्ही धरले आहेत का, हे विचारून घ्यावे.

आणि दुर्बीण विसरू नये. यलो वॉटरवर पहाटेच्या धुक्यात जी कमळे फुललेली दिसतात ती आपल्याच कमळाच्या जातीची आहेत, आणि त्यांच्या पानांवरून लांब बोटांनी चालत जाणारा कमळपक्षी नावेतून नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही.