वारा साताऱ्याचा, पिनियन भोसरीचा

प्रश्न : मुलाने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. काम करीन तर स्वच्छ ऊर्जेतच, म्हणतो आणि त्यासाठी पुण्याला जायचं म्हणतो. थोरले दीर म्हणतात, ऊन राजस्थानात, वारा गुजरातेत, पुण्यात काय आहे? तुम्ही पवनचक्क्यांवर होतात म्हणून विचारते. – एक आई, वाळवा तालुका

उत्तर : ताई, दिरांचं अर्धं बरोबर आहे. कच्छमधल्या खावड्यासारखं मोकळं रान आपल्याकडे नाही, सौर पॅनेलच्या कारखान्यांतही गुजरात पुढे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो.

मी तेव्हा साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर देखभालीला होतो. पावसाळ्यात धुक्यामुळे पाती दिसायची नाहीत, नुसता सपासप आवाज. वर्षातली बरीचशी वीज त्याच दिवसांत मिळायची, त्यामुळे जूनमध्ये चक्की बंद पडणं म्हणजे पेरणीत बैल बसणं. आणि नेमका जूनमध्येच एका चक्कीच्या यॉ गिअरचा पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, तुटला. चक्कीचं डोकं वाऱ्याकडे वळवतो तो हा गिअर. नवा पिनियन परदेशातून यायला दहा आठवडे.

तुटका पिनियन गोणपाटात गुंडाळून मी एसटीने पुण्याजवळची भोसरी गाठली. वर्कशॉपवाल्या काकांनी तो सुती वेस्टच्या बोळ्याने पुसला आणि एका दातावर कानस मारली. कानस घसरली. मग तुटलेल्या जागी, आतल्या धातूवर मारली. तिथे ती धरली. "कातडं कडक, आत मऊ. केस हार्डनिंग आहे," एवढं बोलून ते दात मोजायला बसले. दात त्यांनी पाडले, हीट ट्रीटमेंट मागच्या गल्लीत झाली, ग्राइंडिंग चिंचवडला. सहाव्या दिवशी चक्की फिरली. (त्यांचं बिल आमच्या कंपनीने सात महिन्यांनी चुकतं केलं. या धंद्यात हेही आहे, मुलाला सांगून ठेवा.)

पुण्यात आहे ते हे. टेल्को (आताची टाटा मोटर्स), बजाजला सुटे भाग पुरवता पुरवता इथल्या गल्ल्यांचे हात तयार झाले. तुलसी तांतींचा कापडधंदा सुरतेत होता. विजेच्या त्रासाला कंटाळून त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि १९९५ मध्ये सुझलॉन काढली. तिचं मुख्यालय मात्र पुण्यात, जिथे पवनचक्की फिरेल असा वाराच नाही!

दुसरं बळ प्रयोगशाळांचं. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासूनची. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून वीज करणारा फ्युएल सेल सीएसआयआर (ही प्रयोगशाळा जिची, ती केंद्राची संशोधन परिषद) आणि गाड्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी पुण्याची केपीआयटी कंपनी यांनी मिळून विकसित केला. २०२० मध्ये त्यावर मोटार चालवून पाहिली, ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच बस दाखवली. मागून धुराऐवजी पाणी येतं. अशा बस अजून स्टँडवर लागलेल्या नाहीत, तेव्हा फार हुरळू नये. पण रसायन जमवणारे, गाडी बांधणारे आणि वेताळ टेकडीवर एआरएआयमध्ये गाड्या तपासणारे एका शहरात आहेत, त्यामुळे चूक लवकर सापडते.

आणि तुमचा ऊस. साखर कारखान्यांशेजारी आसवनी (डिस्टिलरी) आल्या, तसं इथेनॉलचं तंत्रही इथेच मुरलं. इथेनॉलचे प्रकल्प उभारणाऱ्या प्राज कंपनीचं संशोधन केंद्र मुळशीत उरवड्याला आहे. तोड झाल्यावर तुमच्याकडे पाचट पेटवून देतात ना? त्याच पाचटाचा कोळसा करण्याची पद्धत डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने बसवली. २००२ मध्ये तिला लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये पुन्हा मिळाला, तो खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅससाठी. शेणाच्या संयंत्राला चाळीस किलो शेण लागतं, तिथे याला दोन-एक किलो पिष्टमय खरकटं पुरतं. मला विचाराल तर हायड्रोजन बसपेक्षा मला याचंच कौतुक जास्त.

मुलाला पॅनेल बसवायच्या पंधरा दिवसांच्या कोर्सला पैसे भरू देऊ नका. भोसरी-चाकणला गिअर, पंप नाहीतर बॅटरी पॅकचं काम चालतं अशा ठिकाणी वर्षभर अ‍ॅप्रेंटिस म्हणून घाला. मोजमापाचा व्हर्नियर आणि कानस हातात बसू दे. पवनचक्की, फ्युएल सेल नंतर कुठेही शिकता येईल. पहिल्या वर्षी खोलीभाडं आणि मेस जाऊन फारसं काही उरणार नाही. तेवढा आकडा दिरांना सांगू नका.