क्रेनियल नर्व्हची नावं पाठ आहेत, पण व्हायवात उलटं विचारलं की काही सुचत नाही. कसा अभ्यास करू?

तुम्ही लिहिलंय की फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष आहे, बाराही नर्व्ह (मेंदूशी थेट जोडलेल्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या) क्रमाने म्हणता येतात, पण ‘गालाला स्पर्श कळतो तो कोणामुळे’ असं विचारलं की पाचवी की सातवी हेच आठवत नाही. मी ॲनाटॉमी शिकवतो. दरवर्षी निम्मा वर्ग याच जागी अडतो.

नावं येतात म्हणजे पाढा झाला. आता डिपार्टमेंटमधून वरचं झाकण काढलेली कवटी मागून घ्या आणि झाडूची एक बारीक काडी हाताशी ठेवा. क्रेनियल नर्व्ह वाटेवरून शिकायच्या असतात: मेंदूतून कुठे निघाली, कुठल्या भोकातून बाहेर पडली, जाताना शेजारी कोण होतं. ही वाट कळली की लक्षणं वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

क्रमांकाचं आधी उरकून टाकू. १ ते १२ हा क्रम मेंदूच्या खालच्या बाजूला पुढून मागे असा लागतो. पहिल्या दोन अग्रमेंदूच्या, खरं तर मेंदूचाच पुढे आलेला भाग. पुढे मेंदूच्या देठाचे वरून खाली तीन भाग, मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युला: तिसरी-चौथी मिडब्रेनच्या, पाचवी पॉन्सची, सहावी-सातवी-आठवी पॉन्स आणि मेड्युला यांच्या सांध्यावर, बाकीच्या मेड्युलाच्या. अकरावी जरा आगाऊ आहे. तिची मुळं मानेतल्या मज्जारज्जूतून निघतात, फोरामेन मॅग्नममधून (कवटीच्या तळाचं मोठं भोक) वर कवटीत शिरतात आणि नववी-दहावीबरोबर ज्युग्युलर फोरामेनमधून पुन्हा बाहेर पडतात. हा १२ चा हिशोब झोमरिंग नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७७८ मध्ये मांडला. गेलन या प्राचीन वैद्याच्या काळात सातच जोड्या धरत. तेव्हा आकड्याला फार भिऊ नका.

आता पाचवी आणि सातवी. कवटीच्या तळाशी मधल्या खळग्यात लंबगोल भोक दिसेल, फोरामेन ओव्हेल. त्यात काडी घाला, सरळ खाली जबड्याच्या मागे निघते. पाचवीची तिसरी शाखा इथून जाते. दुसरी शाखा फोरामेन रोटंडममधून, पहिली डोळ्याच्या खोबणीतल्या फटीतून. कपाळ, गाल, हनुवटी असे चेहऱ्याचे तीन पट्टे या तिघींनी वाटून घेतलेत. डास गालावर बसलेला कळतो तो पाचवीमुळे. चणे चावणारे स्नायूही तिचेच, पण ते फक्त तिसऱ्या शाखेकडे. जबड्याच्या कोपऱ्यावरची त्वचा मात्र पाचवीची नाही, तिथे मानेतून सी-२, सी-३ ची ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह येते. परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात.

सातवीच्या वाटेत काडी घालून बघा, जाणारच नाही. ती आठवीबरोबर आतल्या कानाच्या भोकात शिरते, मग टेम्पोरल हाडातच वळते, मधल्या कानाच्या मागून खाली उतरते आणि कानामागच्या हाडाच्या उंचवट्याजवळ, स्टायलोमॅस्टॉइड फोरामेनमधून बाहेर येते. इतकी लांब आणि अरुंद हाडाची नळी दुसऱ्या कुठल्याच नर्व्हच्या नशिबी नाही. बेल्स पाल्सीत (चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडते तो आजार) नर्व्हला सूज येते, पण नळी काही रुंदावत नाही, म्हणून नर्व्ह आवळली जाते. वाटेत तिच्या तीन फांद्या सुटतात: आधी अश्रूंसाठी, मग कानातल्या स्टेपेडियस स्नायूसाठी, मग जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाच्या चवीसाठी. म्हणून तोंड वाकडं झालेला पेशंट ‘एका कानाला कुकरची शिट्टी सहन होत नाही’ म्हणाला तर समजायचं की बिघाड स्टेपेडियसच्या फांदीच्या वर आहे. चव, आवाज, अश्रू सगळं ठीक आणि फक्त चेहरा लुळा असेल, तर नर्व्ह हाडाच्या बाहेर पडताना किंवा त्यानंतर दुखावलेली असणार.

पुढे ओपीडीत रोज लागेल ती गोष्ट अशी. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, खालच्या चेहऱ्याला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. त्यामुळे मेंदूतल्या स्ट्रोकमध्ये ओठ वाकडा होतो, पण भुवया वर करून कपाळाला आठ्या घालता येतात. नर्व्हच गेली असेल तर कपाळही सपाट आणि डोळाही मिटत नाही. हा ढोबळ नियम आहे. त्यावरून कोणाला घरी बसवू नका, अचानक चेहरा वाकडा झाला की लगेच डॉक्टर. बेल्स पाल्सी असली तरी स्टेरॉइडचा खरा उपयोग पहिल्या ७२ तासांत सुरू केलं तरच होतो, आणि न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळ खराब होतं ते वेगळंच.

डोळा हलवणाऱ्या तिघींपैकी (तिसरी, चौथी, सहावी) चौथी मला सगळ्यात आवडते. सगळ्यांत बारीक, मेंदूच्या मागच्या बाजूने निघणारी एकमेव, आणि बाहेर पडण्याआधीच बाजू बदलणारी. ती गेली की जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात, आणि पेशंट नकळत मान चांगल्या डोळ्याकडे कलती धरतो. तिसरी, चौथी, सहावी आणि पाचवीची पहिली शाखा कॅव्हर्नस सायनसजवळून (डोळ्याच्या मागे कवटीतला शिरेचा कप्पा) एकत्र जातात. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे इतके पेशंट आले, त्यातल्या काहींची पापणी पडली, डोळा हलेना, कपाळ बधिर झालं, ते या शेजारामुळे. एकाच जागेवरच्या बुरशीने चौघींना गाठलं.

नववी ते बारावी एकत्र उरका: ‘आ’ करायला लावून पडजीभ बघा, खांदे उचलायला सांगा, जीभ बाहेर काढायला सांगा. जीभ लुळ्या बाजूकडे वळते, पडजीभ मात्र चांगल्या बाजूकडे ओढली जाते.

रूममेटच्या बुबुळाच्या कडेला कापसाचं टोक हलकेच लावून पाहायला हरकत नाही (तिला आधी विचारा, आणि सर समोर असताना). स्पर्श पाचवीने नेला, दोन्ही डोळे सातवीने मिटले. आणि सर विचारतीलच, पॅरोटिड ग्रंथीला (कानासमोरची लाळग्रंथी) मज्जापुरवठा कोणाचा? सातवी तिच्या पोटातून जाते, पाच फांद्याही तिथेच फुटतात, पण ग्रंथीला काही देत नाही. लाळ सुटते ती नववीमुळे.