वाढदिवस झाला, पार्टी राहिली

पत्र: शनिवारी लेकीला दोन वर्षं पूर्ण झाली. हॉल ठरला होता, चाळीस जणांना बोलावणं गेलं होतं. शुक्रवारी सकाळी ताप आला, दुपारपर्यंत तळहातांवर आणि तोंडात फोड. डॉक्टरांनी हँड-फूट-माउथ सांगितलं. आम्ही सगळं रद्द केलं. शनिवारी संध्याकाळी घरच्या घरी केक कापायला बसलो तर दिवे घालवून गाणं सुरू करताच ती किंचाळायला लागली, केक हातानं ढकलून दिला. अर्ध्याहून जास्त केक अजून फ्रिजमध्ये आहे. नवरा म्हणतो, येत्या शनिवारी पुन्हा करू. सासूबाई म्हणतात, तारीख गेली, आता कशाला? हॉलवाले पैसे परत द्यायला तयार नाहीत. लेकीचा ताप उतरलाय, पण मला अजून रडू येतंय. एवढ्याशा मुलीच्या पार्टीसाठी रडणं बालिश आहे का?
– हिरमुसलेली आई

उत्तर:

बालिश मुळीच नाही. दोन वर्षं जागरणं काढून, आजारपणं निभावून तुम्ही लेकीला इथवर आणलंत. ते आपल्या माणसांसमोर साजरं व्हायचं होतं आणि नेमकं तेच झालं नाही. लेकीचं काही चुकलं नाही आणि तिचं काही हुकलंही नाही. हुकलं ते तुमचं. म्हणून पुढची आखणी करताना हे दोन्ही वेगळं ठेवा: लेकीला काय हवंय आणि तुम्हाला काय हवंय. एकाच संध्याकाळी, एकाच हॉलमध्ये दोन्ही उरकायला गेलं की या वयाची मुलं हमखास रडतात.

आधी केक. पत्र लिहून तुम्हाला दोन-तीन दिवस झाले असणार. फ्रेश क्रीमचा केक फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये, आणि या केकला तर आजारी बाळाचा हात लागलाय. हँड-फूट-माउथचा विषाणू लाळेतून आणि फोडांतल्या पाण्यातून पसरतो. तो केक कोणाला वाटू नका, टाकून द्या. वाईट वाटेल, पण त्यावर दुसरा उपाय नाही. ज्यांचा कार्यक्रम केक कापण्याआधीच रद्द होतो, त्यांना मात्र तो वाचवता येतो. साधा स्पंज किंवा बटरक्रीमचा केक असेल तर तुकडे करून, न झाकता तासभर फ्रीजरमध्ये कडक होऊ द्यायचे. मग प्रत्येक तुकडा क्लिंग फिल्मच्या दोन थरांत आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळायचा. महिनाभर चांगला राहतो. वितळवताना गुंडाळी न सोडता रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा, म्हणजे हवेतला ओलावा केकवर न धरता गुंडाळीवर धरतो. ताजी फळं असलेल्या केकला वितळल्यावर पाणी सुटतं आणि फॉन्डंट (केकवरचं साखरेच्या लगद्याचं आवरण) चिकट होतं, त्यामुळे ते केक गोठवण्याच्या भानगडीत पडू नये.

आता तारीख. येत्या शनिवारी आजाराचा नववा दिवस असेल. हा आजार साधारण सात ते दहा दिवसांत बरा होतो आणि पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त पसरतो. म्हणजे येता शनिवार अगदी काठावर येतो. त्यापुढचा शनिवार धरा. त्याआधीच्या बुधवारी संध्याकाळी तीन गोष्टी तपासा: औषध न देता किमान चोवीस तास ताप नाही, सगळे फोड सुकलेत आणि ती नेहमीसारखी खाते-पिते. तिन्हीला हो असेल तरच बोलावणं पाठवा. विषाणू शौचातून पुढे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून डायपर बदलल्यावर साबणानं हात धुणं चालूच ठेवा. इथे नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका. आणि काही आठवड्यांनी तिची नखं सुटून आली तर घाबरू नका. या आजारानंतर कधीकधी तसं होतं, नवीन नखं येतात.

तुम्ही ऐनवेळी रद्द केलंत हे अगदी योग्य केलंत. तापाचं औषध देऊन कार्यक्रम उरकून घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. औषधाचा असर चार ते सहा तासांत ओसरतो आणि बाळ भर गर्दीत पुन्हा तापतं. शिवाय औषधानं ताप उतरतो, संसर्ग थांबत नाही. उलट्या-जुलाब असते तर शेवटच्या उलटी-जुलाबानंतर अठ्ठेचाळीस तास थांबायचं असतं, कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत.

एक काम आजच करा. आजारी पडण्याआधीच्या दोन-तीन दिवसांत लेक ज्या मुलांबरोबर खेळली, त्यांच्या आईवडिलांना कळवा. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात, तेव्हा त्यांना लक्ष ठेवता येईल. भेटलेल्यांत कोणी गरोदर असेल तर तिला आवर्जून सांगा, ती आपल्या डॉक्टरांना विचारून घेईल. कळवताना माफी मागत बसू नका. एवढं पुरे: ‘लेकीला हँड-फूट-माउथ झालं होतं, आता ताप नाही. तुमच्याकडच्या छोट्यांना ताप किंवा तोंडात फोड दिसले तर डॉक्टरांना दाखवा. भेटायचा दिवस ठरला की सांगते.’

हॉलवाल्यांकडे पैसे परत मागितले की नकार ठरलेला. त्याऐवजी तारीख पुढे सरकवून मागा, तेही आठवड्याच्या मधल्या दिवसाची किंवा सकाळची, कारण त्या वेळा बहुधा रिकाम्या असतात. कोणता खर्च प्रत्यक्ष झाला आणि कोणता नाही, हे विचारा. जेवणाचं सामान भरलंच नसेल तर निदान ती रक्कम नव्या तारखेला वळती करून मिळावी, असं म्हणा. काय ठरेल ते मेसेजवर लिहून घ्या. हे फोन नवऱ्यानं करावेत. रद्द केल्याचं कळवण्याचा भार बहुतेक तुम्हीच उचलला असेल. चाळीस माणसांचा मेळावा हवा असेल तर त्या नव्या तारखेला खुशाल करा, महिन्याभरानं केलात तरी चालेल. तो मोठ्यांचा कार्यक्रम आहे हे मनाशी पक्कं असू द्या. लेकीनं तिथे अर्धा तास मिरवावं आणि कंटाळली की एकानं तिला घरी न्यावं. कोण नेणार, हे आधीच ठरवा.

सासूबाईंचं म्हणणंही खोटं नाही. वाढदिवस शनिवारी झाला, केकही आला होता. तेव्हा पुढच्या कार्यक्रमाला वाढदिवस म्हणूच नका, ‘मुलांना खेळायला बोलावलंय’ म्हणा. तारखेचा वाद तिथेच मिटेल. आणि सासूबाईंकडे एक महत्त्वाचं काम सोपवा, ते खाली सांगते.

शनिवारी लेक का किंचाळली ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा तसं होणार नाही. तोंडात फोड दुखत होते. त्यात अंधार झाला, समोर ज्योत पेटली, ओळखीची माणसं एकाएकी मोठ्या आवाजात गायला लागली आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर. दोन वर्षांच्या मुलांना अचानक मोठा आवाज झाला की भीती वाटतेच. मागे सरकायला जागा नसली की ती हातानं ढकलतात. ढकलणं हा हट्ट नव्हता, ‘हे लांब करा’ असं सांगणं होतं.

त्यावर उपाय म्हणजे सराव. रोज संध्याकाळी सासूबाईंनी तिला मांडीवर घेऊन एक वाटी पालथी घालावी, तिला केक म्हणावं आणि तेच गाणं हळू आवाजात म्हणावं. चार-पाच दिवसांत तीच वाटी आणून देईल. मुलं येतील त्या दिवशी दिवे चालू राहू द्या. तिला टेबलापुढे उभं न करता तुमच्या मांडीवर बसवा. पाहुणे गोल कडं न करता समोरच्या एकाच बाजूला असू द्या. मेणबत्ती एकच, आणि ती गाणं संपल्यावर पेटवा. केक तिच्या हातापासून किमान दोन फूट लांब ठेवा, कारण मुलं पुढे झेपावली की हात वाटतो त्याहून लांब पोहोचतो. फुंकायला तिला वेगळा छोटा कपकेक द्या, म्हणजे सगळ्यांच्या केकवर थुंकी उडणार नाही.

वेळ तिच्या झोपेवरून ठरवा. या वयाच्या मुलांना दुपारची झोप धरून दिवसाला अकरा ते चौदा तास झोप लागते. ‘आज जरा लवकर उठवू’ म्हटलं की संध्याकाळ हातची गेलीच. ती तीनला उठत असेल तर चारला सुरू करा आणि सव्वापाचला संपवा. मधल्या तासात तिला पोटभर खाऊ घाला. बोलावण्यात सुरू होण्याची आणि संपण्याची, दोन्ही वेळा लिहा. मुलं किती, याचा एक सोपा ठोकताळा आहे: वय अधिक एक. म्हणजे तीन. चुलत-मामे भावंडं जास्त असतील तर पाच करा, पण त्यापुढे जाऊ नका. हुकलेल्याची भरपाई म्हणून दुप्पट थाट करण्याचा मोह होतो आणि दुसरी पार्टी नेमकी त्यानंच बिघडते. नवा फ्रॉक आदल्या दिवशी तासभर घालून पाहा, टोचणारं लेबल कापून टाका. फोटो पहिल्या दहा मिनिटांत काढा आणि मग तिला खुशाल जुन्या कपड्यांत खेळू द्या.

सजावटीबाबत मात्र कडक राहा. फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा घशात अडकून मूल गुदमरू शकतं. फुगे तिच्या हाताला न लागतील असे उंच बांधा आणि फुटला की तुकडे लगेच उचला. गाणी वाजवणाऱ्या मेणबत्त्या, कार्डं आणि लुकलुकणारी खेळणी यांत बटण-सेल असतो. तो गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, म्हणून स्क्रूनं बंद न होणारं काहीच घरात नको. चकचकीत कागदाचे बारीक तुकडेही नकोत. अख्खे दाणे, पॉपकॉर्न आणि कडक गोळ्या चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करून द्या. भेटवस्तू त्या दिवशी एकच उघडा. बाकीच्या कपाटात ठेवून दर दोन-तीन दिवसांनी एक काढा. एकदम सगळ्या समोर आल्या की ती एकाही खेळण्याशी खेळणार नाही.

हे सगळं तिच्या लक्षात राहील का, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो मनात असणार. मोठ्या माणसांच्या सर्वांत जुन्या आठवणी साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात. शनिवारचं किंचाळणं तिला आठवणार नाही.

त्या दिवशी गाणं सुरू होताच ती पुन्हा रडली, तर लगेच थांबा, तिला उचलून दुसऱ्या खोलीत न्या आणि पाच मिनिटं कुशीत घेऊन बसा. बाहेर कोणीतरी मुलांना खाऊ द्यावा. ती शांत झाली तर परत या, या वेळी गाणं नको, मेणबत्ती नको, सरळ केकचा तुकडा तिच्या हातात द्या. आणि कुशीतच झोपली, तर झोपू द्या.