अमेरिकेत पोलिसांनी हक्क वाचून दाखवले नाहीत, तर अटक रद्द होते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. आपला भाचा शिक्षणासाठी अमेरिकेला निघाला आहे. पोलिसांनी अटक करताना ‘तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे’ हे वाचून दाखवले नाही तर माणूस सुटतो, असे त्याला मित्रांनी सांगितले आहे. शिवाय तिथे कोणीही काहीही बोलले तरी त्याचे कोणी काही वाकडे करू शकत नाही, असेही त्याच्या मनात बसले आहे. मी पुण्यात विधी महाविद्यालयात राज्यघटना हा विषय शिकवते आणि हे दोन्ही समज वर्गात नेहमी ऐकते. दोन्ही चुकीचे आहेत, आणि परक्या देशात एकट्याने राहणाऱ्या मुलाला ते फार महागात पडू शकतात, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

ज्या निकालामुळे ही सूचना जगभर माहीत झाली, तो नीट पाहिला की पहिला गैरसमज दूर होतो. मार्च १९६३ मध्ये ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात पोलिसांनी अर्नेस्टो मिरांडा याला अपहरण आणि बलात्काराच्या आरोपावरून पकडले. सुमारे दोन तासांच्या चौकशीनंतर त्याने लेखी कबुलीजबाब दिला. चौकशीच्या वेळी वकील मागता येतो, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याची शिक्षा रद्द केली आणि असे ठरवले की, ताब्यातील माणसाची चौकशी सुरू करण्यापूर्वी पोलिसांनी त्याला गप्प राहण्याच्या आणि वकील मिळण्याच्या हक्कांची कल्पना द्यावी. ती दिली नाही तर तो जबाब आरोप सिद्ध करण्यासाठी सरकार पक्षाला वापरता येणार नाही. निकालाचा परिणाम एवढाच आहे. त्यामुळे अटक बेकायदा ठरत नाही आणि इतर पुरावा असेल तर खटलाही चालतो. खुद्द मिरांडावर १९६७ मध्ये त्या कबुलीजबाबाशिवाय पुन्हा खटला चालला आणि तो पुन्हा दोषी ठरला.

ही सूचना बंधनकारक होण्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: माणूस ताब्यात असला पाहिजे आणि त्याची चौकशी सुरू असली पाहिजे. रस्त्यात गाडी थांबवून पोलीस अधिकारी काही प्रश्न विचारतो, तेव्हा सामान्यतः तो माणूस ‘ताब्यात’ मानला जात नाही, असे १९८४ च्या एका निकालात म्हटले आहे. बेड्या घातल्यावर कोणी काही न विचारता आपणहून बोललेले वाक्यही सूचनेविना पुराव्यात येऊ शकते.

आपल्याकडच्या माणसाला इथे आणखी एक धोका आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा नियम भारतात १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता अपवाद आहे, पण मूळ नियम पक्का आहे. त्यामुळे ‘पोलिसांपुढे बोललेले कोर्टात टिकत नाही’ ही समजूत आपल्या समाजात खोल रुजली आहे. अमेरिकेत असा नियम नाही. तिथे पोलिसांसमोर स्वेच्छेने दिलेला कबुलीजबाब हा खटल्यातला सर्वांत वजनदार पुरावा ठरू शकतो. म्हणूनच तिथल्या न्यायालयाला चौकशीच्या दाराशीच सूचनेची अट घालावी लागली. इथल्या सवयीने तिथे मोकळेपणाने बोलत सुटणारा विद्यार्थी स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच तयार करत असतो.

त्यात, हा हक्क मौन पाळून आपोआप मिळत नाही. मिशिगनमधील एका खुनाच्या प्रकरणात संशयिताला सूचना दिली गेली आणि त्यानंतर जवळजवळ तीन तास तो बहुतांशी गप्प राहिला. अखेरीस ‘त्या गोळीबाराबद्दल क्षमा कर, अशी तू देवाकडे प्रार्थना करतोस का,’ या प्रश्नाला त्याने ‘हो’ असे उत्तर दिले, आणि ते उत्तर पुरावा म्हणून ग्राह्य धरले गेले. गप्प राहण्याचा हक्क वापरायचा असेल तर तसे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये याच प्रकरणात ठरवले. गप्प राहण्यासाठी आधी बोलावे लागते, ही गोष्ट मला आजही न्याय्य वाटत नाही. पण कायदा तसा आहे, आणि भाच्याला तो आहे तसाच सांगायला हवा. ‘मी माझा गप्प राहण्याचा हक्क वापरतो आहे आणि मला वकील हवा आहे’ हे वाक्य त्याने सौम्यपणे, पण स्पष्टपणे उच्चारावे आणि मग खरोखरच थांबावे. याचा अर्थ नाव लपवावे असा नाही. काही राज्यांच्या कायद्यानुसार पोलिसांनी सकारण संशयावरून थांबवले तर नाव सांगणे बंधनकारक आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये नेवाडाचा असा कायदा वैध ठरवला आहे. गाडी चालवताना परवाना दाखवणे तर सगळीकडेच आवश्यक असते. ‘तुझ्या मित्राने सगळे सांगून टाकले आहे’ असे पोलीस खोटे सांगू शकतात आणि केवळ तेवढ्यावरून कबुलीजबाब बाद होत नाही, हेही १९६९ पासून ठरलेले आहे.

आता बोलण्याच्या स्वातंत्र्याकडे येते. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीची सुरुवातच ‘काँग्रेस असा कोणताही कायदा करणार नाही’ अशी आहे, आणि काँग्रेस म्हणजे तिथली संसद. बंधन सरकारवर आहे. पुढे न्यायालयांनी ते राज्य सरकारे आणि स्थानिक संस्था यांनाही लागू केले. सरकारच्या विरोधात हे संरक्षण विलक्षण भक्कम आहे: द्वेषमूलक बोलणेही केवळ द्वेषमूलक आहे म्हणून तिथे गुन्हा ठरत नाही आणि चिथावणीबद्दल शिक्षा करायची तर तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याचा हेतू आणि तसे घडण्याची शक्यता दोन्ही दाखवावे लागतात, असे १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालाने ठरवले. भारताने १९५१ मध्ये आपल्या पहिल्या घटनादुरुस्तीत याच्या उलट दिशा घेतली. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये उठवल्यानंतर ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे निर्बंधाचे कारण घटनेत घालण्यात आले. पण खाजगी कंपनी, खाजगी विद्यापीठ, घरमालक किंवा समाजमाध्यम चालवणारी कंपनी यांच्यावर अमेरिकेची पहिली दुरुस्ती लागू होत नाही. भाचा सरकारी विद्यापीठात असेल तर ती त्याचे रक्षण करते. खाजगी विद्यापीठात असेल तर त्या संस्थेचे नियम आणि त्या राज्याचे कायदे पाहावे लागतात. कॅलिफोर्नियाने कायदा करून खाजगी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनाही बऱ्याच अंशी तसेच संरक्षण दिले आहे, पण अशी तरतूद सर्वत्र नाही.

हा फरक आपल्या लक्षात येत नाही, याचे कारण आपल्या घटनेतच आहे, असे मला वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने सिद्ध केलेल्या घटनेतले काही मूलभूत हक्क थेट खाजगी व्यक्तींवरही बंधनकारक आहेत: अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो, ती पाळणारा सरकारी अधिकारी असो वा शेजारी, अनुच्छेद १५(२) दुकाने, हॉटेले, विहिरी आणि तलाव यांच्या वापरापर्यंत पोहोचतो. अमेरिकी घटनेत गुलामगिरी रद्द करणारी १३ वी दुरुस्ती सोडली तर असे फारसे काही नाही. हॉटेले आणि नाट्यगृहे यांमधील वर्णभेदाला मनाई करणारा १८७५ चा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये रद्द केला, कारण कायद्याचे समान संरक्षण देणारी १४ वी दुरुस्ती सरकारी कृतीलाच रोखते, खाजगी मालकाला नाही. त्यानंतर तब्बल आठ दशकांनी, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ती उणीव भरून काढली आणि त्यासाठी काँग्रेसला मुख्यतः आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. त्यामुळे आजही खाजगी जागेतला भेदभाव हा तिथे बहुतेक वेळा घटनेचा नव्हे, तर साध्या कायद्याचा विषय असतो, आणि कायदा राज्यागणिक, कधी शहरागणिक बदलतो. सिएटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवर आधारित भेदभावाला नाव घेऊन मनाई केली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विधिमंडळाने मंजूर केलेल्या तशाच विधेयकावर राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. आपल्याकडून तिथे गेलेल्या मुलांनी हे दोन्ही निर्णय माहीत करून घ्यावेत, असे मला मनापासून वाटते.

परकीय नागरिकाला तिथे हक्कच नसतात, हीही भीती अनाठायी आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून वाचवणारी पाचवी दुरुस्ती आणि वर आलेली चौदावी दुरुस्ती ‘व्यक्ती’ला संरक्षण देते, आणि चिनी धोबीखान्यांच्या १८८६ च्या खटल्यापासून न्यायालयाने नागरिक नसलेल्यांनाही त्यात धरले आहे. मात्र व्हिसाच्या बाबतीत सरकारचे अधिकार मोठे आहेत. विद्यार्थ्यांच्या राजकीय मतप्रदर्शनावरून व्हिसा रद्द करण्याची प्रकरणे २०२५ मध्ये न्यायालयात गेली आहेत.

व्यवहारात भाच्याला तीन गोष्टी सांगा. अटक झाल्यास भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी त्याने करावी. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार तो त्याचा हक्क आहे. फौजदारी खटल्यात तुरुंगवासाची शक्यता असेल आणि ऐपत नसेल, तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. हद्दपारीची कारवाई दिवाणी मानली जात असल्याने तिथे तो मिळत नाही. आणि तिथले बहुतेक फौजदारी खटले सुनावणीऐवजी गुन्हा कबूल करून होणाऱ्या तडजोडीनेच संपतात, म्हणून ‘छोटा गुन्हा आहे, कबूल करून मोकळा हो’ असे कोणी सुचवले, तर सही करण्यापूर्वी व्हिसावर काय परिणाम होईल हे वकिलाला विचारावे. कबुलीने हद्दपारीचा धोका निर्माण होत असेल तर त्याची कल्पना देणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे.