वेदनेवर संशोधन करायला डॉक्टरच असावं लागतं का?

प्रश्न : मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घोटा मुरगळलेला पेशंट कळवळतो, पण लवकरच चालू लागतो. उलट वर्षभर कंबर दुखणारे काही जण रिपोर्ट ठीक असूनही वाकायलाच घाबरतात. वेगवेगळ्या वेदनांमध्ये अमिग्डालात, म्हणजे भीती आणि भावनांशी जोडलेल्या मेंदूतल्या छोट्या भागात, काय बदलतं, यावर पीएचडी करावीशी वाटते. घरचे म्हणतात, मेंदूचं काम डॉक्टरांचं. काय करू?

उत्तर : डॉक्टर असण्याची अट नाही. या क्षेत्रात शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र, इंजिनिअरिंग अशा सगळीकडून आलेले लोक काम करतात. आणि तू जे टिपलंयस, तोच या विषयाचा गाभा आहे. इजेचा संदेश मज्जारज्जूतून निघून मेंदूच्या खोडातल्या पॅराब्रेकियल केंद्रामार्गे थेट अमिग्डालात पोचतो. दुखणं नवं असतं तेव्हा हा प्रतिसाद धोक्याच्या सूचनेसारखा असतो. दुखणं मुरलं की चित्र बदलतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकत्याच सुरू झालेल्या पाठदुखीत इजेची नोंद घेणारे भाग जास्त सक्रिय दिसले, तर जुनाट पाठदुखीत अमिग्डाला आणि पुढच्या मेंदूचा मधला भाग, म्हणजे भावनांशी जोडलेली यंत्रणा.

2019 चा उंदरांवरचा एक प्रयोग तर जरूर वाच. अमिग्डालातल्या ठरावीक पेशी शांत केल्यावर टोचलं की उंदीर पंजा झटकन मागे घेत होते, पण तो चाटत, जपत बसणं, तिथून पळ काढणं कमी झालं. म्हणजे टोचलेलं कळत होतं, त्याचा जाच कमी झाला होता. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

आता निवड. पेशींच्या पातळीवर जायचं तर प्राण्यांवर प्रयोग करावे लागतात. ते तुला मनापासून झेपेल का, हे आधी ठरव. माणसांवर काम करायचं तर एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कधी सक्रिय होतो हे दाखवणारं स्कॅनिंग, शिकावं लागेल. ते कटकटीचं आहे. अमिग्डाला जेमतेम बदामाएवढा, शेजारच्या हवेच्या पोकळ्यांमुळे तिथला सिग्नल बिघडतो. शिवाय तो भीतीनं, नवख्या गोष्टीनंही जागा होतो. मग दिसलेला बदल दुखण्याचा, की मशिनमध्ये अडकल्याच्या धास्तीचा? हे वेगळं काढायला संख्याशास्त्र पक्कं हवं. तुझी तिथेच दमछाक होईल, म्हणून पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि संख्याशास्त्र आत्तापासून सुरू कर.

माझं मत विचारशील तर माणसांवरचं काम घे. वाकायला घाबरणारा पेशंट तू रोज हाताळतेस; हालचालीची भीती कशी मोजायची, हे स्कॅनरवाल्यांना तुझ्याइतकं नीट कळेलच असं नाही. आधी न्यूरोसायन्समध्ये मास्टर्स कर, मग पीएचडी. गाइडला पत्र लिहिताना ‘मला मेंदूची आवड आहे’ असं लिहू नकोस. त्या दोन पेशंटमधला फरक लिही, आणि तो कसा तपासशील तेही. घरच्यांनाही तेच पत्र वाचायला दे.