बटन सेलवर चालणाऱ्या ईसीजी यंत्रासाठी ॲम्प्लिफायरचा वीजवापर कमी कसा ठेवावा?

लातूर परिसरातील आरोग्य उपकेंद्रांवर वापरता येईल असे छोटे ईसीजी (हृदयाचे विद्युत संकेत नोंदवणारे) यंत्र आपण बनवत आहात, तेव्हा विचार विजेपासून नव्हे, तर सिग्नलपासून सुरू करावा. त्वचेवर मिळणारा ईसीजी सिग्नल जेमतेम १ मिलिव्होल्टचा असतो, मात्र त्याच इलेक्ट्रोडांवर ३०० मिलिव्होल्टपर्यंत डीसी ऑफसेट (सिग्नलखाली बसलेला स्थिर व्होल्टेज) येऊ शकतो. त्यामुळे ३ व्होल्टच्या पुरवठ्यावर पहिल्याच टप्प्यात १००० पट गेन (सिग्नल मोठा करण्याचे प्रमाण) घेतला, तर आउटपुट एका टोकाला चिकटून बसते आणि पडद्यावर नुसती सरळ रेघ दिसते. पहिल्या टप्प्यात तीन-चार पटच गेन घ्यावा, मग हाय-पास फिल्टरने (स्थिर आणि अतिसंथ भाग अडवणाऱ्या गाळणीने) डीसी काढून उरलेला गेन पुढे द्यावा.

खरी काटकसर करंटच्या वाटपात आहे. इनपुट ट्रान्झिस्टरचा करंट घटवला की त्याचा थर्मल नॉइज (उष्णतेमुळे येणारा विद्युत गोंगाट) वाढतो, म्हणून पहिल्या टप्प्याला हात आखडता घेऊ नये. सिग्नल मोठा झाल्यावर पुढच्या टप्प्यांना अगदी थोडा करंट पुरतो. देखरेखीपुरती ०.५ ते ४० हर्ट्झची बँडविड्थ (वारंवारतेचा पट्टा) पुरेशी असल्याने वेगवान ऑप-अँपची (ॲम्प्लिफायर चिपची) गरजच नाही. तयार चिप चालत असेल, तर एडी ८२३२ ही ईसीजीसाठीची ॲम्प्लिफायर चिप सुमारे १७० मायक्रोअँपिअर घेते, म्हणजे २२० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर केवळ ती चिप कागदोपत्री पन्नासेक दिवस चालेल. ब्लूटूथचा वीजखर्च वेगळा.

आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड सैल होतात, दोन्ही इलेक्ट्रोडांचा इम्पीडन्स (विद्युत अडथळा) असमान होतो आणि वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण सिग्नलमध्ये शिरते; तिच्यासाठी राइट-लेग ड्राइव्ह (ती गुणगुण उलटी करून उजव्या पायावरच्या इलेक्ट्रोडमधून शरीरात परत देणारे सर्किट) अवश्य ठेवावा. यंत्र माणसाला जोडलेले असताना चार्जर किंवा चार्जिंगवरचा लॅपटॉप त्याला कदापि जोडू नये.