‘तुंबाड’ची भीती टीव्हीवर का हरवते?

प्रश्न : एवढं कौतुक ऐकून ‘तुंबाड’ घरी टीव्हीवर पाहिला. फार तर दोनदा दचकलो. हे कौतुक जरा जास्तच नाही का? (चिपळूणहून एक वाचक)

उत्तर : कौतुक रास्त आहे. पण ‘सर्वांत भयंकर सिनेमा’ म्हणून कुणी शिफारस केली असेल, तर तिथंच फसगत झाली. दचकवणं हे या सिनेमाचं कामच नाही. कणकेची बाहुली टाकायची, भुकेला शापित देव हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या सोन्याच्या मुद्रा झटकायच्या आणि दोराला लटकून वर यायचं, एवढा नियम एकदा कळतो. मग सिनेमाचा नायक विनायक हाच उद्योग वर्षानुवर्षं करतो आणि पोटच्या पोरालाही त्याची तालीम देतो. अंगावर काटा येतो तो तिथं. चोरीचा धंदा व्हावा आणि बापानं तो वारसा म्हणून द्यावा, हे पाहताना हस्तरपेक्षा विनायकच भयाण वाटू लागतो.

पंकज कुमार यांचं छायाचित्रण तर पुन्हा पुन्हा पाहावं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी खऱ्या पावसाळ्यात, अनेक वर्षं थांबून थांबून चित्रीकरण केलं. सिनेमातल्या जुन्या वाड्याची ओल म्हणूनच खोटी वाटत नाही.

उणिवा आहेतच. सुरुवातीचं निवेदन हस्तरची सगळी कुळकथा आधीच सांगून टाकतं. विनायकच्या बायकोला फारसं काही करायला मिळत नाही. शेवटाकडे हस्तर इतका स्पष्ट दिसतो की अंधारात अर्धवट दिसत असतानाची जरब कमी होते.

आता टीव्हीबद्दल. सिनेमा बराचसा कंदिलाच्या उजेडात घडतो. दिसत नाही म्हणून ब्राइटनेस वाढवला की काळा रंग राखाडी होतो आणि हस्तर जिथं असतो त्या गर्भगृहाची खोलीच नाहीशी होते. ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘सिनेमा’ मोड लावा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा आणि दिवे मालवा. नेट मंद असेल तर अंधाऱ्या भागात चौकोनी ठिगळं दिसतात. अशा वेळी सिनेमा आधी उतरवून घ्यावा. टीव्हीच्या बारीक स्पीकरमधून खालच्या पट्टीतली घुमणारी गाज येत नाही, साधे हेडफोनही त्याहून बरे. सिनेमा पावणेदोन तासांचाच आहे, मध्ये थांबवू नका.

२०१८च्या ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा चित्रपटगृहांत बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई झाली. मोठ्या पडद्यावर पुन्हा लागला तर मात्र चुकवू नका.

प्रश्न : हा श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वर आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. तिथून घेतलं आहे ते गावाचं नाव. कथेत नारायण धारपांच्या भयकथेचा धागा आहे. खोतांच्या पिढ्यांची गोष्ट हवी असेल, तर कादंबरीच वाचा.